निर्णय कुठं अडकतो? कोल्हापूर, स्टुटगार्ट आणि शिकागोत विभागलेल्या एका टीमचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही. त्यांनी काम मोकळेपणानं दाखवलं, एवढं पुरेसं आहे. ही कंपनी मूळची उद्यमनगरातल्या कारखान्यांना स्टोअर आणि बिलिंगची सॉफ्टवेअरं करून देणारी. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्र्यांचं काम मिळालं आणि त्या ओळखीतून वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक युरोपियन ग्राहक आला. त्याला पुरवठादारांकडून येणाऱ्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) गुणवत्तेची नोंद ठेवणारं पोर्टल हवं होतं: कुठला नग कुठल्या हीटमधला (म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूतला), त्या हीटचा केमिकल रिपोर्ट काय, कुठला लॉट रिजेक्ट झाला आणि का.

टीम तीन ठिकाणी होती आणि काम स्क्रम पद्धतीनं, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांत चालायचं. कोल्हापुरात टीम लीड आणि स्क्रम मास्टर (ही पद्धत नीट चालते का ते बघणारा) धरून नऊ जण. स्टुटगार्टला प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती), एक डिझायनर आणि एक आर्किटेक्ट. शिकागोजवळच्या प्लांटमध्ये दोन टेस्टर आणि एक सपोर्ट इंजिनिअर, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर माल उतरतो ती माणसं. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो (काम कसं झालं याची चर्चा), रोजचा कॉल, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. तरी दर स्प्रिंटला निम्म्याच्या आसपास स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जायच्या. स्टुटगार्ट म्हणायचं, कोल्हापूरची पोरं वेळेवर विचारत नाहीत. कोल्हापूर म्हणायचं, विचारून उत्तर येत नाही. शिकागोची तक्रार वेगळीच, की टेस्टिंगला बिल्ड (तपासायला तयार झालेलं सॉफ्टवेअर) शुक्रवारी दुपारी हातात पडतं आणि शंका विचारावी तर कोल्हापुरात मध्यरात्र झालेली असते.

तिघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

घड्याळाचा हिशेब

वेळेच्या फरकाबद्दल सगळेच बोलतात, पण कागदावर तो मांडून कुणी बघितलेला नव्हता. आपलं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यामागं साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास. शिकागो उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा तास मागं. कोल्हापूरचं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. स्टुटगार्टला नऊ वाजतात तेव्हा इथं उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. म्हणजे या दोन शहरांना रोज पाच ते सहा तास एकत्र मिळतात. एवढा सामायिक वेळ एकाच इमारतीतल्या पण मीटिंगांनी भरलेल्या दोन खात्यांनाही मिळत नाही.

शिकागोचं तसं नाही. तिथं सकाळचे आठ म्हणजे इथं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणून तिन्ही ठिकाणांना जमेल अशी एकच फट काढली होती, स्टुटगार्टचे दुपारचे तीन. रोजचा कॉल तिथं बसवला आणि हळूहळू सगळंच तिथं जाऊन साचायला लागलं. जे दुपारी दोन वाजता स्टुटगार्टला फोन करून सुटलं असतं तेही ‘संध्याकाळी कॉलवर घेऊ’ म्हणून बाजूला पडायचं. पंधरा मिनिटांचा कॉल पाऊण तासाच्या पुढं जायचा. पंधरा जण एकामागून एक काल काय केलं, आज काय करणार हे स्टुटगार्टच्या मॅनेजरला ऐकवायचे. स्क्रम गाइड या पद्धतीच्या मार्गदर्शिकेत डेली स्क्रम, म्हणजे रोजची छोटी बैठक, हा डेव्हलपरांनी आपापसांत पुढच्या दिवसाची आखणी करण्यासाठी आहे, आणि २०२० च्या आवृत्तीतून ते ठरलेले तीन प्रश्नही (काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय) काढून टाकलेत. इथं मात्र तेच तीन प्रश्न हजेरीसारखे चालू होते.

एका स्टोरीचा प्रवास

मला या प्रकरणाचा गाभा सापडला तो एका लहानशा स्टोरीत. रिजेक्शनच्या फॉर्ममध्ये लॉट नंबरसमोर हीट नंबरची एक चौकट होती. स्टोरी लिहिली होती: ‘लॉट निवडल्यावर हीट नंबर आपोआप दिसावा.’ मंगळवारी सकाळी अकराला एका डेव्हलपरनं जिरावर (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) प्रश्न टाकला, एका लॉटमध्ये दोन हीटचे नग येऊ शकतात का? येत असतील तर एक चौकट पुरणार नाही, डेटाबेसमधली रचनाच वेगळी लागेल. प्रश्न अगदी बरोबर होता आणि अगदी वेळेवर विचारला होता.

स्टुटगार्टमध्ये तेव्हा सकाळचे साडेसात. प्रॉडक्ट ओनर बाईंनी तो जेवणाच्या सुट्टीत पाहिला. त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी शिकागोच्या टेस्टरला टॅग केलं. त्यानं आपल्या सकाळी उत्तर लिहिलं, ‘येतात कधीकधी, पण तेव्हा आम्ही पेटी वेगळी करतो.’ तोवर डेव्हलपर कागलच्या वाटेला लागलेला. बुधवारी सकाळी त्यानं उत्तर वाचलं आणि त्यातून दुसरा प्रश्न निघाला, पेटी नोंद करायच्या आधी वेगळी करता की नंतर? पुन्हा तोच फेरा. गुरुवारी सकाळी फोटोसकट उत्तर हजर: नोंद आधी होते, पेटी नंतर वेगळी होते. म्हणजे स्क्रीन बदलायला हवी. स्क्रीन डिझायनरच्या हातात, आणि ती शुक्रवारी कामावर नसते. नवीन डिझाइन आलं सोमवारी दुपारी. कोड लिहायला लागला अर्धा दिवस.

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील. त्याच बुधवारी जेवताना त्या डेव्हलपरनं गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत मेल्टिंगला असलेल्या आपल्या मामांना फोन लावला होता. मामांनी दोन मिनिटांत सांगितलं, “व्हय की. हीट बदलताना क्रेटमध्ये दोन्ही हीटचे नग पडत्यात. शॉटब्लास्टिंगनंतर पोरं वेगळे करत्यात, पण एखादा चुकतोयच. तुमच्या कॉम्प्युटरात दोन नंबर टाकायची सोय पाहिजेच.”

म्हणजे उत्तर बुधवारी दुपारी कोल्हापुरात होतं. तरी स्टोरी हलली नाही, कारण टीमचा नियम होता की गरज काय आहे हे फक्त प्रॉडक्ट ओनरनं सांगायचं. डेव्हलपरनं मामांचं उत्तर तिकिटावर (स्टोरीच्या जिरामधल्या नोंदीवर) लिहिलंसुद्धा नाही. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सर, माझ्या मामानं सांगितलं म्हणून लिहू काय? कोण मानणार?”

त्या क्षणी या टीमचं दुखणं मला स्पष्ट झालं. माहिती कोल्हापुरात होती, कौशल्य कोल्हापुरात होतं, पण ‘असं करू’ म्हणायचा अधिकार साडेतीन तास मागं राहत होता आणि ज्यांच्याकडं तो होता त्यांना खात्रीसाठी आणखी सात तास मागं विचारावं लागत होतं. आपण काम वेगवेगळ्या शहरांत वाटतो आणि निर्णय मात्र एकाच खुर्चीवर ठेवतो. मग कुठलंही टूल आणा, काम त्या खुर्चीपाशी येऊन थांबतं.

वाटणी कशी झाली होती

यामागचं दुसरं कारण रचनेतलं. डेव्हलपमेंट कोल्हापूर, डिझाइन स्टुटगार्ट, टेस्टिंग शिकागो, अशी कौशल्यावर वाटणी केल्यामुळं प्रत्येक लहान स्टोरीला तिन्ही शहरांची वारी करावी लागायची. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एका लेखात मांडलं होतं की संस्था जी प्रणाली घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या संवादाची रचनाच उतरते. या पोर्टलमध्ये ते डोळ्यांनी दिसत होतं. स्क्रीन एका हातची, नियम दुसऱ्या हातचे, आणि जिथं दोन्ही जुळायला हवेत तिथंच बहुतेक बग.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं, की अजाइल (स्क्रम ज्या कार्यपद्धतीतला एक प्रकार) मुळात एका खोलीत बसणाऱ्यांसाठी आहे. त्याला आधार आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्डला १७ जणांनी अजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्याच्या तत्त्वांमध्ये समोरासमोरचं बोलणं हीच माहिती पोचवण्याची सर्वांत परिणामकारक पद्धत असं म्हटलेलं आहे. मी हे तत्त्व मानतो. पण त्यातून मला दिसतं ते असं, की जे समोरासमोर बसलेत त्यांना आपसांत बोलून गोष्ट संपवू द्या. कोल्हापुरातले नऊ जण एकाच मजल्यावर बसत होते आणि तरी एकमेकांशी बोलायला संध्याकाळच्या कॉलची वाट बघत होते.

काय बदललं

पहिला बदल सर्वांत साधा. कोल्हापूरच्या टीमनं सकाळी दहाला आपला स्वतःचा डेली स्क्रम सुरू केला, आणि तो मराठीत. याचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा फार मोठा दिसला. संध्याकाळच्या इंग्रजी कॉलवर ‘नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड’ (माझं काही अडलेलं नाही) एवढंच म्हणणारी दोन वर्षांच्या अनुभवाची मुलगी सकाळी फळ्यापाशी उभी राहून लीडला विचारायला लागली, “सर, हे तुम्ही परवा मान्य केलं होतं, आज का बदलालाय?” शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या कॉलेजांतून आलेली ही मुलं तांत्रिक बाबतीत कुठंही कमी नाहीत. वाद घालायला मात्र आपली भाषा लागते. इंग्रजीत माणूस आधी वाक्य जुळवतो, तोवर विषय पुढं जातो. बोलणं मराठीत आणि नोंद इंग्रजीत, असं ठरलं. स्टुटगार्टचा दिवस उजाडायच्या आत पाच-सहा ओळी बोर्डवर जायच्या: काय ठरलं, काय अडलंय, कुणाकडून काय हवंय.

दुसरा बदल प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. नुसता प्रश्न टाकायचा नाही. आपला अंदाज, त्याचा आधार आणि मुदत त्यासोबत द्यायची. ‘एका लॉटमध्ये दोन हीट असू शकतात असं आम्ही धरतोय. स्थानिक फौंड्रीकडून खात्री केली आहे. उद्या तुमच्या सकाळपर्यंत हरकत आली नाही तर असं बांधतोय.’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला विचार करून उत्तर लिहावं लागत नाही, फक्त हरकत असेल तर बोलावं लागतं. मामांचा आधारही आता तिकिटावर उघड लिहिला जायला लागला. पुढं लीडनं रीतसर परवानगी काढून टीमला शिरोलीतल्या एका फौंड्रीत नेलं. भट्टीतून लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) उतरणारं मेटल, साच्यावर बदलला जाणारा हीट कोड, स्पेक्ट्रो लॅबमध्ये कार्बन आणि सिलिकॉनचे आकडे कसे निघतात, हे पाहून आल्यावर स्टोऱ्यांवरच्या प्रश्नांचा दर्जाच बदलला. ज्या शहरात कास्टिंग होतं त्याच शहरात कास्टिंगचं सॉफ्टवेअर लिहिणारी टीम ते न बघता काम करत होती, याची मला आजही हळहळ वाटते.

तिसरा बदल अवघड होता आणि त्याला बराच वेळ गेला: अधिकाराची वाटणी. स्क्रम गाइडप्रमाणं प्रॉडक्ट ओनर एकच असतो, पण तो आपलं काम दुसऱ्याकडं सोपवू शकतो. जबाबदारी त्याचीच राहते. या आधारावर कोल्हापुरातल्या एका सीनिअर डेव्हलपरला, ज्यानं पूर्वी फौंड्र्यांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं होतं, प्रॉडक्ट ओनरचा स्थानिक प्रतिनिधी नेमायचं सुचवलं. स्टुटगार्टच्या बाईंनी सुरुवातीला नकार दिला. त्यांची भीती खरी होती: चुकीचा निर्णय कोल्हापुरात झाला तरी प्लांटच्या मॅनेजरसमोर त्यांनाच उभं राहावं लागणार. शेवटी एका कसोटीवर एकमत झालं. जो निर्णय एका दिवसात मागं घेता येतो आणि ज्यात आधी साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही, तो कोल्हापूरनं घ्यावा आणि कळवावा. ज्यात डेटाबेसची रचना, दुसऱ्या प्रणालीशी देवाणघेवाण किंवा पुरवठादाराशी झालेला करार येतो, तो विचारूनच. या कसोटीवर हीट नंबरची स्टोरी ‘विचारून’मध्येच पडते, हे लक्षात घ्यायला हवं, पण अंदाज आणि मुदत घालून विचारली असती तर ती एका दिवसात सुटली असती.

टेस्टिंगची वाटणीही फिरवली. काम संपल्यावर तपासायचं हे शिकागोचं काम राहिलं नाही. स्प्रिंटच्या सुरुवातीलाच तिथले टेस्टर प्रत्येक स्टोरीसाठी खऱ्या मालावरची उदाहरणं लिहून देतात. कोल्हापूर त्यांचे स्वयंचलित टेस्ट बनवतं, आणि कोड लिहिणाऱ्याला त्याच दुपारी कळतं की जमलं की नाही. शुक्रवारी दुपारी बिल्ड पाठवायचं बंद झालं.

कॉलची वेळ आणि घरी जायची वेळ

हा भाग मॅनेजमेंटच्या चर्चेत सहसा एका ओळीत उरकतात, म्हणून मी इथं थांबतो. हिवाळ्यात साडेसातला सुरू झालेला कॉल साडेआठला संपतो. टीममधल्या काही जणी इचलकरंजी आणि जयसिंगपूरकडच्या. साडेआठला राजारामपुरीतून निघून स्टँड गाठायचं, मग एसटी, मग घर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. कंपनी या मर्यादेच्या आत होती, पण प्रवास धरला तर त्या मुली साडेनऊलाही घरी पोचत नव्हत्या. जर्मनीत कायद्यानं दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती द्यावीच लागते आणि तिथले लोक ती पाळतात. आमच्याकडं मात्र साडेआठला कॉल संपवून सकाळी साडेनऊला हजर राहायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, ते आपोआप रूढ झालेलं.

तिन्ही ठिकाणांचा कॉल आठवड्यातून दोनच दिवस ठेवला. हिवाळ्यात मंगळवारचा साडेसहाला, म्हणजे शिकागोचे सकाळचे सात, आणि गुरुवारचा साडेसातला. एक दिवस तोशीस शिकागोला, एक दिवस कोल्हापूरला. गुरुवारी सगळ्यांनी थांबायचं नाही. पाळीनं दोघंच कॉल घेतात, तोही घरून, आणि शुक्रवारी अकराला येतात.

घड्याळ फिरण्याच्या आठवड्यांचाही उलगडा झाला. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करते, युरोप शेवटच्या रविवारी; परत फिरताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. कॅलेंडरवरचा कॉल स्टुटगार्टच्या वेळेला बांधलेला असल्यामुळं मधल्या आठवड्यांत शिकागोत तो आठऐवजी नऊला पडायचा, आणि नऊला तिथं मालाच्या गाड्या लागतात. सपोर्ट इंजिनिअर दर मार्चमध्ये गैरहजर का असतो, याचं उत्तर एवढंच होतं.

सुट्ट्यांच्या यादीसोबत एक खास कोल्हापुरी नियमही आला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. पावसाळ्यात इथला प्रत्येक जण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतोच. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. ठरलं असं, की पातळी ३९ वर गेली की सगळ्यांनी लॅपटॉप घरी न्यायचे, चालू काम त्याच संध्याकाळी कोडच्या सामायिक ब्रँचमध्ये टाकायचं आणि स्प्रिंटमधल्या कुठल्या स्टोऱ्या सोडायच्या ते प्रतिनिधीनं स्टुटगार्टला कळवायचं. परवानगीची वाट बघायची नाही. स्टुटगार्टच्या बाई आता पावसाळ्यात स्वतःहून विचारतात, आज किती फूट?

जे जमलं नाही

कॉल रेकॉर्ड करून ठेवायची कल्पना फसली; तासाभराचं रेकॉर्डिंग कुणी बघत नाही, पाच ओळी सगळे वाचतात. कोल्हापूर आणि स्टुटगार्टमध्ये दिवसभर चालू राहणारी व्हिडिओची खिडकी उघडून बघितली. लोकांना पाळतीवर असल्यासारखं वाटायला लागलं आणि ती बंद केली. शिकागोचे टेस्टर सुरुवातीला नाराज झाले. आपल्याकडचं काम काढून घेतलं असं त्यांना वाटलं, आणि ते दूर व्हायला लीडला त्यांच्याशी एकेकट्यानं बोलावं लागलं.

अधिकाराच्या वाटणीची खरी परीक्षा एका चुकीच्या निर्णयानं झाली. रिजेक्ट झालेल्या मालाचं वजन किलोमध्ये दाखवायचं असं कोल्हापूरच्या प्रतिनिधीनं परस्पर ठरवलं. शिकागोच्या प्लांटमध्ये पौंडांत काम चालतं. दुसऱ्याच दिवशी तिथून ओरड झाली. बदल फक्त दाखवण्यापुरता होता, साठवलेल्या आकड्यांना हात लागला नव्हता, म्हणून तो दुपारपर्यंत मागं घेतला आणि प्लांटनुसार एकक निवडायची सोय दिली. स्टुटगार्टचे मॅनेजर म्हणाले, म्हणूनच आम्ही नको म्हणत होतो. प्रॉडक्ट ओनर बाईंनी मात्र अधिकार परत घेतला नाही. त्यांनी यादीत एक ओळ वाढवली, ‘मोजमापाची एककं: शिकागोला विचारून’, आणि त्या दिवसापासून कोल्हापूरच्या टीमचा त्यांच्यावर विश्वास बसला. ही यादी आता दर रेट्रोला उघडली जाते. बहुतेक वेळा एखादी ओळ ‘विचारून’मधून ‘कळवून’मध्ये सरकते, क्वचित उलटही होतं.

स्टोऱ्या पुढं ढकलल्या जाणं पूर्ण थांबलेलं नाही, पण आता जी स्टोरी अडते ती का अडली हे त्याच दिवशी सांगता येतं. एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या त्या सीनिअर डेव्हलपरचा अर्धा दिवस आता बोलण्यात, फौंड्रीत फोन करण्यात आणि निर्णय लिहिण्यात जातो. कंपनीत या पदाला नाव नाही, आणि वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये त्याचं काम अजूनही त्यानं किती स्टोऱ्यांचा कोड लिहिला यावरच मोजलं जातं. त्याच्या बरोबरीचे पुढं गेले आणि तो कागदावर मागं दिसतो. टीम ज्याच्या जोरावर मोकळी झाली तोच माणूस यात कंटाळून पुण्याची नोकरी धरेल, ही भीती लीडनं मालकांपुढं मांडली आहे. फॉर्म बदलायचं मालकांनी मान्य केलंय. नवीन फॉर्म एप्रिलच्या मूल्यमापनाआधी लागू व्हायला हवा.